गढ्या, सरदार आणि हार्प

‘कॅसल’ या इंग्रजी शब्दाला आपण मराठीत सरसकट ‘किल्ला’ म्हणतो, आणि ग्वाल्हेरकराने किल्ला म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते सांगायला नको. मैल-दीड मैल पसरलेला डोंगर, त्यावर मानमंदिर, सासबहूची देवळे, पाण्याचे तलाव. आयर्लंडातले कॅसल पाहायला निघणाऱ्याने हे चित्र आधी पुसून टाकावे. तिथले बहुतेक कॅसल म्हणजे आपल्याकडच्या गढ्या. एक उंच चौकोनी बुरूज, भोवती आवार, शेजारी नदी किंवा ओढा, आणि आत एक सरदार आपल्या खटल्यासह राहिलेला. अशा गढ्या त्या लहानशा बेटावर एके काळी तीन हजारांच्या आसपास होत्या असा जाणत्यांचा अंदाज आहे. इतक्या झाल्या कशा, याचे एक कारण मोठे मजेचे आहे. १४२९ साली, सहाव्या हेन्रीच्या राज्यात, असा कायदा झाला की डब्लिनभोवतालच्या इंग्रजी मुलखात जो कोणी वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि चाळीस फूट उंच बुरूज बांधील, त्याला दहा पौंड मदत मिळावी. घर बांधायला सरकारी अनुदान ही काही आजची युक्ती नव्हे!

डब्लिनला स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या आग्रहामुळे तीन आठवडे त्या देशात काढण्याचा योग आला. इतिहास हा माझा धंदा नव्हे. मी गाणे शिकवणारा माणूस. त्यामुळे ज्या ज्या गढीत गेलो तिथे माझ्या मनात प्रश्न एकच असे: या घरात गाणारे-वाजवणारे कुठे बसत, त्यांना काय मिळे, आणि घर बुडाल्यावर त्यांचे पुढे काय झाले? हा प्रश्न मला का सुचावा, हे येथल्या जुन्या मंडळींना समजेल. आमचे वडील पंधराव्या वर्षी दरबारी गवयांच्या मागे तंबोरा धरून बसू लागले, आणि १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही. दरबार गेल्यानंतरचे घर तेवढे पाहिले.

पहिल्यांदा गेलो ते ट्रिमला. डब्लिनपासून बसने तासाभराच्या अंतरावर, बॉइन नदीच्या काठी हे लहानसे गाव आहे, आणि गावापेक्षा मोठा वाटावा असा त्याचा कॅसल. ही मात्र गढी नव्हे. आयर्लंडातला नॉर्मन लोकांनी बांधलेला हा सर्वांत मोठा कोट. ११७२ साली इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने ह्यू द लेसी नावाच्या सरदाराला मीथचा सगळा प्रांत तोडून दिला. द लेसीने आधी माती-लाकडाचा कोट उभारला. तो आयर्लंडचा राजा रोरी ओकॉनर याने लवकरच जाळून टाकला. मग द लेसीने दगड हाती घेतला. मधला बालेकिल्ला पुरा व्हायला पुढची तीस वर्षे लागली. त्याची घडण विलक्षण आहे. चौकोनी बुरूज, आणि त्याच्या प्रत्येक बाजूच्या मध्यातून बाहेर आलेला एकेक लहान बुरूज. म्हणजे वरून पाहिले तर वीस कोपऱ्यांचा क्रूस. भिंती दहा-अकरा फूट जाडीच्या. दिसायला फार डौलदार, परंतु आम्हाला फिरवणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितले की लढाईच्या दृष्टीने ही रचना वेडगळ होती. जितके कोपरे जास्त तितकी सुरुंग लावायला जागा जास्त. द लेसीला वचक बसवायचा होता, आणि तो त्याने बसवला.

त्याने रोरी ओकॉनरच्या मुलीशी लग्नही केले, त्यामुळे हा आता आयर्लंडचा राजाच होऊ पाहतो की काय असा हेन्रीला संशय येऊ लागला. संशयाचे निवारण भलत्याच तऱ्हेने झाले. ११८६ साली डरो येथे नव्या कोटाचे बांधकाम पाहत असता एका आयरिश तरुणाने कुऱ्हाडीच्या घावाने द लेसीचे मुंडके उडवले. पुढे धड एका मठात आणि शिर दुसऱ्या मठात पुरले गेले.

१९९३ साली हा कोट आयरिश सरकारने विकत घेतला, डागडुजी केली आणि २००० साली लोकांसाठी उघडला. मधल्या काळात, १९९४ मध्ये, अमेरिकन मंडळींनी तिथे ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटाचे चित्रण केले, आणि स्कॉटलंडच्या कथेतले इंग्रजी शहर म्हणून आयर्लंडातल्या या भिंती जगाला दाखवल्या. आता अर्धेअधिक लोक त्यासाठीच येतात. आमच्या घोळक्यातले दोघे तर द लेसीचे नाव ऐकून कंटाळलेले स्पष्ट दिसत होते.

माझे लक्ष दुसरीकडे वेधले. ट्रिम गावात एक उंच स्तंभ आहे, १८१७ साली उभारलेला, आणि त्याच्या माथ्यावर एक पुतळा. विचारले तर कळले, हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूचा विजेता म्हणून जग त्याला ओळखते. परंतु त्याचे खरे नाव आर्थर वेलस्ली, आणि हे नाव शिंदेशाहीच्या गावातल्या माणसाने ऐकले की त्याच्या डोक्यात वॉटर्लू येत नाही, असई येते. भोकरदनजवळ केळणा नदीच्या काठी २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच गृहस्थाने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना मोडला. त्याच्या बाजूचे सोळाशेच्या आसपास लोक मेले-जखमी झाले. इतकी किंमत देऊन मिळवलेला तो जय होता. मग अडगाव, मग गाविलगड, आणि वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावचा तह. उतारवयात त्याला कोणी विचारले, की लढाईत आपण केलेले सर्वांत चांगले काम कोणते? त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, असे सांगतात. आपल्या तोफखान्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळणार!

हा मनुष्य या ट्रिमचा. तरुणपणी, १७९० मध्ये, ट्रिमतर्फेच तो डब्लिनच्या पार्लमेंटात निवडून गेला होता. त्याचे घराणे जवळच डँगन कॅसल येथे राहत असे. मी विद्यार्थिनीला म्हटले, डँगन पाहिल्याशिवाय मी येथून हलत नाही. ती म्हणाली, “गुरुजी, तिथे पाहण्यासारखं काही नाही.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शेताच्या मध्ये एका मोठ्या हवेलीच्या छप्पर नसलेल्या भिंती, खिडक्यांची भोके, आणि दूरवर दगडी सुळके दोन. एके काळी या आवारात तळे होते, तळ्यात छोटी जहाजे होती, बागेत असे सुळके पुष्कळ होते. १७९० च्या दशकात घराण्याने ती जागा विकली, आणि १८०९ साली रॉजर ओकॉनर नावाचा भाडेकरू तिथे राहत असताना घर जळाले. आग त्यानेच लावली असा लोकांचा संशय होता.

परंतु या घराची जी हकीकत मला सर्वांत जास्त लागली ती लढाईची नव्हे. हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे घर होते! आर्थरचा आजा फिडल वाजवी. घराचा दिवाणखाना एवढा मोठा, की त्यात एका वेळी न्याहारी, फूल-बॅटचा खेळ आणि हार्पसिकॉर्डचे वादन चालले तरी एकाचा दुसऱ्याला उपद्रव होत नसे, असे त्या काळी तिथे उतरलेल्या एका बाईंनी नमूद केले आहे. आर्थरचा बाप, मॉर्निंग्टनचा अर्ल गॅरेट वेस्ली, हा तर नामांकित रचनाकार. १७५७ साली त्याने डब्लिनमध्ये हौशी कलावंतांची एक संगीतसभा काढली. तिच्या जलशांच्या उत्पन्नातून गरीब कारागिरांना हातउसने पैसे मिळत. १७६४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापक नेमायचे ठरले, तेव्हा पहिला मान त्यालाच मिळाला, आणि दहा वर्षे त्याने तो सांभाळला. तो १७८१ साली वारला तेव्हा आर्थर बारा वर्षांचा होता.

मुलगाही व्हायोलिन चांगले वाजवी. १७९३ साली तो चोवीस वर्षांचा, कर्जात बुडालेला. पॅकनम घराण्यातल्या मुलीला त्याने मागणी घातली ती तिच्या घरच्यांनी झिडकारली. शिपाईगिरी करायची तर ती पुरी करायची असे ठरवून त्याने आपली व्हायोलिने आगीत टाकली, आणि मग आयुष्यात पुन्हा वाद्याला हात लावला नाही, अशी कथा आहे. पाच-सहा वर्षांत हे भाऊ हिंदुस्थानात होते. वडील भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल. तैनाती फौजेचा फास ज्याच्या नावाने आपण शाळेत पाठ केला तोच हा. धाकटा हेन्री त्यांच्या हाताखाली कारभारात. वसईचा तह, असई, अंजनगाव, हे सगळे एका वर्षाच्या आत झाले, आणि त्यामागे या पडक्या दिवाणखान्यात सूर ऐकत वाढलेली मुले होती. दसऱ्याला वाद्यांना हळद-कुंकू लावणारे आपण लोक. व्हायोलिने जाळल्याची हकीकत ऐकून माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. असईत तोफेच्या तोंडी गेलेल्या शिपायांबद्दल तितका आला नव्हता, हेही खरे, आणि ते काही बरे नाही.

यानंतर किल्केनी. हा कॅसल गावाच्या मधोमध, नोर नदीवर, चार बुरुजांपैकी तीन शाबूत असलेला. बटलर घराण्याने तो १३९१ साली विकत घेतला आणि साडेपाचशे वर्षे सांभाळला. ‘बटलर’ हे आडनाव आपल्या फडणीस, पोतनीस, चिटणिसांच्या जातीचे आहे. राजाच्या मद्याची व्यवस्था पाहणारा अधिकारी तो बटलर, आणि बंदरात उतरणाऱ्या दारूवरचा हक्क ही त्यांची वतनदारी. आत आता सारे नीटनेटके केले आहे, चित्रांचे भव्य दालन पाहण्यासारखे आहे. मला मात्र भिंतीवरच्या मखमलीपेक्षा दोन साली जास्त बोलक्या वाटल्या. १९३५ साली घराण्याला खर्च झेपेना, तेव्हा सामानसुमानाचा लिलाव झाला. आणि १९६७ साली शेवटच्या पिढीतल्या मार्क्विसने हा अवाढव्य वाडा गावच्या जीर्णोद्धार समितीला पन्नास पौंडांना देऊन टाकला. पन्नास पौंड! आपल्या लष्करातल्या सरदारवाड्यांची झुंबरे आणि गालिचे कोणत्या भावाने गेले ते पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांना किल्केनीच्या कथेत नवे काही सापडायचे नाही. एक फरक सांगितला पाहिजे. तिथे वाडा गावाच्या हाती गेला आणि वाचला.

याच किल्केनी गावात १३६६ साली भरलेल्या पार्लमेंटाने एक प्रसिद्ध कायदा केला. आयर्लंडात येऊन राहिलेले इंग्रज हळूहळू आयरिश होत चालले होते. त्यांची भाषा बोलत, त्यांच्यात सोयरिकी करत. ते थांबवण्यासाठी जी बंदीची कलमे घातली, त्यांत एक असे होते की कोणीही आयरिश कवी, कथेकरी, हार्पवाले यांना आपल्या घरी थारा देऊ नये. हे कलम वाचून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. संगीताला भिऊन कायदा करावा लागतो म्हणजे ते संगीत काय असेल? त्याच्या दोनशे वर्षे आधी जेराल्ड नावाचा वेल्श धर्मगुरू राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडात आला होता. त्याच्या ग्रंथात आयरिश माणसाला रानटी ठरवण्यासाठी एकही शब्द शिल्लक ठेवलेला नाही. परंतु हार्पवादनाचा विषय आला की तोही नमतो, इतकी चपळ आणि गोड बोटे आपण कुठे पाहिली नाहीत अशी साक्ष देतो. कायदा अर्थात कोणी फारसा पाळला नाही.

गेलिक सरदाराच्या गढीत या लोकांचे स्थान कसे होते ते मोठे नमुनेदार आहे. कवी वेगळा, म्हणणारा वेगळा, वाजवणारा वेगळा. कवी हा पंडित. वर्षानुवर्षे गुरुकुलात राहून, अंधाऱ्या खोलीत पडून मनातल्या मनात वृत्ते जुळवण्याची तालीम घेतलेला. तो स्वतःची कविता सभेत म्हणत नसे. ते काम दुसऱ्याचे, आणि त्याला हार्पची साथ. बक्षीस मात्र कवीला मोठे मिळे: गुरेढोरे, जमीन, सरदाराशेजारचे आसन. साथीदाराचे काय, ते सगळीकडे सारखेच.

हे सारे कुठे चालले असेल ते पाहायचे तर शॅनन विमानतळाजवळ बनरॅटी येथे जावे. पंधराव्या शतकात मॅक्नमारांनी बांधलेली आणि नंतर ओब्रायन घराण्याकडे गेलेली ही गढी १९५४ साली लॉर्ड गॉर्ट याने मोडक्या अवस्थेत घेतली, दुरुस्त केली, जुने सामान मिळवून सजवली, आणि १९६० पासून ती लोकांना खुली आहे. गढीची रचना समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. दारातून आत पाऊल टाकताच वर पाहावे. छताला भोक असते, त्यातून शत्रूच्या डोक्यावर दगड टाकायचे. जिना चक्राकार, एका माणसापुरता. भिंतीच्या जाडीत शौचकूप, आणि कपडे तिथेच टांगायचे, कारण त्या वाफांनी उवा मरत! दिवाणखाना मात्र वरच्या मजल्यावर, उंच आणि प्रशस्त. गवयाच्या कानाने सांगतो, त्या लाकडी छताखाली आवाज बरा फिरतो.

१९६३ पासून येथे रात्री ‘मध्ययुगीन मेजवानी’ होते. पाहुण्यांना मधाचे मद्य देतात, एक सुरी देतात, आणि बाकी हाताने जेवायचे. भोवतालचे अमेरिकन पाहुणे हाताने जेवायचे म्हणून खिदळत होते. मला त्यात नवल ते काय! मखमली झगे घातलेल्या मुली गात होत्या, एकजण हार्पवर होती. हा सगळा देखावा आहे, तिकिटाचा आहे, हे मला कळत होते. तरी ती मुलगी सुरात होती. पोटासाठी पाहुण्यांपुढे वाजवणाऱ्याला नाक मुरडण्याचा अधिकार दरबारी गवयाच्या मुलाला तरी नाही.

खरे दरबार बुडाले ते १६०१ साली किन्सेलच्या पराभवानंतर. १६०७ मध्ये उत्तरेकडचे मोठे सरदार जहाजात बसून देश सोडून गेले, आणि शतकाच्या मध्यात क्रॉमवेलने उरलेल्यांच्या जमिनी हिसकावल्या. कवींचा वर्ग जवळजवळ संपला. हार्पवाले तगले, कारण त्यांनी घोडा धरला आणि घरोघर हिंडू लागले. त्यांतला सर्वांत थोर टर्लो ओकॅरोलन. जन्म १६७०. अठराव्या वर्षी देवी येऊन डोळे गेले. मॅक्डर्मट रो घराण्यातल्या बाईंनी त्याच्या तीन वर्षांच्या हार्पच्या शिक्षणाची सोय केली, मग एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो फिरत राहिला. ज्याच्या घरी उतरे त्याच्या नावाने एक चाल बांधी. जुना कॅथलिक सरदार असो की नवा इंग्रज जमीनदार, दोघांचेही मीठ तो खाई. शेवटी १७३८ साली आजारी होऊन त्याच बाईंच्या दारी आला आणि तिथेच वारला.

त्याच्यानंतर पन्नासेक वर्षांत परंपरा इतकी आटली की १७९२ च्या जुलैत बेलफास्टच्या नागरिकांनी उरल्यासुरल्या हार्पवाल्यांना जाहिरात देऊन बोलावले, तेव्हा सगळ्या आयर्लंडातून आले दहाजण. दहांत सहा आंधळे, एक स्त्री. पहिले बक्षीस दहा गिनींचे. क्रांतिकारक वुल्फ टोन तिथे हजर होता आणि त्याला वादनाचा भयंकर कंटाळा आला. राजकारणी मंडळींचे हे सनातन आहे. एडवर्ड बंटिंग नावाच्या एकोणीस वर्षांच्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला स्वरलेखनासाठी बसवले होते. त्याने लिहिलेल्या चाली तीन खंडांत छापून आल्या: १७९६, १८०९, १८४०. त्याच्यामुळे त्या वाचल्या. परंतु छापताना त्याने त्या पियानोच्या साच्यात बसवल्या, कोपरे घासून गुळगुळीत केल्या. स्वरलिपीवरून बंदिश शिकून आलेला विद्यार्थी समोर बसला की जे वाटते, ते मला बंटिंगचे खंड चाळताना वाटले. कृतज्ञता, आणि चरफड.

त्या दहांत डेनिस हेम्पसन नावाचा म्हातारा होता, नव्वदी ओलांडलेला. १७४५ साली एडिंबरोला राजपुत्र चार्ल्सपुढे वाजवलेला. इतरांनी बोटांच्या गराने वाजवायची रीत पत्करली होती. हा एकटा जुन्या पद्धतीने, वाढवलेल्या नखांनी, पितळी तारांवर वाजवी. बंटिंगला खरे घबाड या म्हाताऱ्यापाशी सापडले, आणि त्याच्यासारख्यांकडून ऐकलेल्या बोटांच्या हालचाली, मींड-खटक्यांची आयरिश नावे, ही सारी त्याने शेवटच्या खंडात नोंदवून ठेवली. हेम्पसन १८०७ साली गेला. नंतर तारांची ती हार्प मुकी झाली आणि तातीच्या, मग नायलॉनच्या हार्पने तिची जागा घेतली. २०१९ साली युनेस्कोने आयरिश हार्पवादनाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. देशाच्या नाण्यावर तर ती आहेच.

बनरॅटीची मेजवानी संपल्यावर त्या हार्पवाल्या मुलीशी जिन्यात दोन शब्द बोललो. मी काय करतो ते सांगितले. ती म्हणाली, येथे वाजवते ती नायलॉनची. घरी मात्र एक पितळी तारांची आहे आणि बंटिंगच्या त्या शेवटच्या खंडातली कोष्टके समोर ठेवून ती आणि तिचे काही सोबती जुनी रीत परत बसवू पाहतात. मी विचारले, अवघड काय? तिने सांगितले, छेडणे अवघड नाही, मिटवणे अवघड. तारेची आस इतकी लांब असते की पुढचा स्वर घेण्याआधी मागचा बोटाने नेमका मिटवावा लागतो. नाही तर सगळा गलका. कोणता मिटवायचा आणि कोणता राहू द्यायचा हे त्या कोष्टकांत पुरते लिहिलेले नाही. “मग कसे ठरवता?” मी म्हटले. तिने उजेडात हात धरून नखे दाखवली. दोन्ही हातांची, बरीच वाढवलेली, आणि एक नुकतेच तुटलेले.